इंग्रजीतले 'हात'वाले वाक्प्रचार मुलांच्या डोक्यात कसे बसवावेत?

माळव्यातली माई:
नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामा नगरात राहते. संध्याकाळी गल्लीतली आठवी-नववीची मुलं माझ्याकडे इंग्रजीला बसतात. सगळी मराठी घरांतली. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि जेवताना मराठी, असा त्यांचा दिवस जातो. सध्या त्यांचे वाक्प्रचार चालू आहेत आणि त्यात 'हँड'चे इतके आहेत की मुलं पार गोंधळलीत.

पाठ करून येतात आणि दोन दिवसांत विसरतात. विसरली तरी चालेल एक वेळ, पण ती अंदाजाने अर्थ लावतात याची मला काळजी वाटते. 'ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द मॅटर' याचा अर्थ एका हुशार मुलाने लिहिला: 'तो त्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागला.' बरोबर उलटा! पण त्याने तरी काय करावं? घरात 'हात धुऊन मागे लागणे' आणि बाहेर 'हाथ धोकर पीछे पडना', दोन्हीकडे त्याने हेच ऐकलंय.

मला अर्थांची यादी नको, ती पुस्तकात आहे. माझं मत असं, की तो हात कुणाचा होता आणि नेमकं काय करत होता हे कळलं तर अर्थ आपोआप राहतो. तेव्हा खात्रीने माहीत असलेल्या गोष्टी लिहा. आणि दुसरं विचारायचंय ते असं: शिकवताना सोबत मराठी जोडी द्यावी का? की त्यानेच घोळ होतो?

शब्दवेल्हाळ:
माई, धुण्यापासूनच सुरुवात करू. हे हात पिलाताचे. मत्तयच्या शुभवर्तमानात २७ व्या अध्यायात हा प्रसंग आहे. रोमन सुभेदार पिलाताला येशूमध्ये दोष दिसत नव्हता, पण समोरचा जमाव ऐकायला तयार नव्हता. दंगा होणार असं दिसल्यावर त्याने पाणी मागवलं, सगळ्यांदेखत हात धुतले आणि या माणसाच्या रक्ताला मी जबाबदार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर शिक्षा झालीच. म्हणजे हात धुतले ते अंग काढून घेण्यासाठी. आपल्याकडे त्याला 'हात झटकणे' म्हणतात, 'हात वर करणे' सुद्धा चालेल.

त्या मुलाला तिसरा अर्थही सांगून ठेवा, 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे'. मागे लागणं, फायदा उपटणं आणि अंग काढून घेणं, तिन्ही ठिकाणी पाणी आणि हात तेच, माणसाचा हेतू निराळा.

सराफा रात्री बारा:
काय माई, आमच्याकडे तर हात धुण्याच्या आधीच 'हात साफ' होतो. लग्नात रबडीच्या पातेल्यावर करतो तो! 😀

'स्लाइट ऑफ हँड'साठी मुलांना पुस्तक नको, एका रात्री सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, घेऊन जा. दहीबड्याचा दोना हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीत धरलेले मसाले एकेक करून वेगळे सोडतात, ते दाखवा. हातचलाखी! इथे मराठी-इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात.

नववी ब ची आई:
माई, धाग्याबद्दल खरंच आभार. आमच्या घरीही हेच चाललंय. मुलीला 'रेड-हँडेड' म्हणजे 'मेंदी लावलेली' वाटलं होतं. किती गोड! पण मार्क गेले.

मुरारचे वकील:
ग्वाल्हेरहून लिहितोय. 'रेड-हँडेड' आमच्या खात्यातला, म्हणून थोडं सविस्तर.

हा शब्द स्कॉटलंडच्या कायद्यातून आला. तिथल्या १५ व्या शतकातल्या कायद्यांमध्ये 'रेड हँड' असा प्रयोग आहे. खून करून पळायच्या आत, हातावरचं रक्त वाळायच्या आत सापडलेला माणूस. पुढे १९ व्या शतकात सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून 'रेड-हँडेड' हे रूप सगळीकडे पसरलं, आणि रक्ताची अट गळून कोणताही गुन्हा करताना सापडलेल्याला ते लागू झालं.

आता आपल्याकडचं बघा. लाच घेणाऱ्याला पकडायचा सापळा लावतात तेव्हा आधी पंचांसमोर नोटांचे नंबर लिहून घेतात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. समोरच्याने नोटा घेतल्या की पथक आत येतं आणि त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. पूड लागली असेल तर पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत भरून, सील करून प्रयोगशाळेत जातं. फिनॉल्फ्थॅलिन अल्कलीत गुलाबी होतं हे नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्रात असतंच. म्हणजे 'रंगेहाथ' हा शब्द आपल्याकडे आजही शब्दशः खरा आहे. एकाच तासात इंग्रजी, नागरिकशास्त्र आणि रसायनशास्त्र होईल बघा.

माळव्यातली माई:
वकीलसाहेब, हे मला फारच आवडलं! सोडा घरात आहे, पूड एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतून मिळते का बघते.

मुरारचे वकील:
खाण्याचा सोडा नको ताई, तो त्या मानाने सौम्य. धुण्याचा सोडा वापरा, रंग ठसठशीत येतो. आणि मुलांना नंतर खरेच हात धुवायला लावा.

पेठेतला:
धागा चांगला आहे, पण मी थोडं वेगळं मांडतो. मुळात मराठी जोडी देऊच नये. इंग्रजी वाक्प्रचार इंग्रजी वाक्यातूनच शिकावा, पाच-सात वाक्यं वाचली की कळतो. जोडी दिली की मुलं शब्दाला शब्द चिकटवतात. आणि तुमच्या भागातली मुलं मराठी म्हणून जे बोलतात त्यातही निम्मं हिंदी असतं. परवा एका इंदुरी मित्राने मला 'या महिन्यात हात तंग आहे' असं लिहिलं. हे मराठी नाही. 'हाताशी पैसा नाही' किंवा 'ओढाताण आहे' म्हणावं. पाया असा असेल तर जोडी कशाशी लावणार?

सराफा रात्री बारा:
भिया, हात तंग आहे हे तुम्हाला कळलं ना? मग पैसे पाठवले का त्याला? 😀

छत्रीबाग:
पेठेतले, तुमचा पहिला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्याला मात्र मी मनापासून विरोध करते.

आमची घरं इथे मल्हाररावांच्या काळात आली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली तेव्हा आणखी आली. इतक्या पिढ्या हिंदीच्या समुद्रात राहून ज्यांनी घरात मराठी टिकवली, मुलाला आजीशी मराठीत बोलायला शिकवलं, त्यांच्या तोंडी चार हिंदी वळणं आली तर ते राहण्याचं लक्षण आहे. 'तंग' आणि 'तंगी' तुम्हीही वापरताच, ते फारसीतून आपल्या दोघांकडे आलेत. आमचा 'हात तंग' खोटा मराठी आहे असं मी मुलांना कधीच सांगणार नाही. पुण्याला गेलास की 'ओढाताण' म्हण, एवढं जरूर सांगेन. दोन्ही यायला हवं.

आणि माई, तीन भाषांतले हात एकत्र मांडायचा खेळ घ्या. 'हाथ-पाँव फूलना' ला मराठीत 'हातपाय गळणे'. तिकडे फुगतात, इकडे गळतात! मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

पेठेतला:
छत्रीबाग, 'दोन्ही यायला हवं' हे पटलं. फारसीचा मुद्दाही बरोबर आहे. जोडीबद्दलचं मत मात्र कायम.

हातचा एक:
गणितातला आपला 'हातचा' इंग्रजीत हातात नाहीच, तिथे तो 'कॅरी' होतो.

विश्वामित्रीकाठ:
बडोद्याहून. जोडीने घोळ कसा होतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पत्त्यांत आहे.

आपण पाच-तीन-दोन खेळतो. 'माझे तीन हात झाले, तुझा एक ओढला' वगैरे. म्हणजे आपल्या पत्त्यांत 'हात' म्हणजे जिंकलेली फेरी, सगळ्यांनी टाकलेली पानं मिळून एक हात. इंग्रजी पत्त्यांत तिला 'ट्रिक' म्हणतात. त्यांचा 'हँड' म्हणजे वाटलेली, तुमच्या हातात पंख्यासारखी धरलेली पानं. एवढा एक फरक मुलांना पत्ते घेऊन दाखवला की चार वाक्प्रचार एकदम सुटतात:

'शो युवर हँड' म्हणजे पानं उघडी करणे, मनातला बेत समोरच्याला कळू देणे. मराठीत 'हात दाखवला' म्हटलं तर एकतर ज्योतिषाला नाहीतर पराक्रम म्हणून! 'फोर्स समवन्स हँड' म्हणजे समोरच्याला त्याच्या सोयीआधी पान टाकायला लावणे. 'ओव्हरप्ले' म्हणजे आपली पानं आहेत त्याहून भारी समजून अंगावर घेणे. आणि 'स्ट्राँग हँड' म्हणजे दणकट मनगट नव्हे, चांगली पानं.

आणखी एक जोडून सांगा. 'शो ऑफ हँड्स' हे पत्त्यांतलं नाही. ते हात वर करून मत देणं. आणि आपल्याकडे 'हात वर केले' म्हणजे काय ते शब्दवेल्हाळांनी वर सांगितलंच. गुजरातीतही 'हाथ ऊंचा करी दीधा' म्हणजे आता माझ्याकडून होणार नाही. वर्गात मॉनिटर निवडताना सगळ्यांनी हात वर केले, हे वाक्य या तिन्ही भाषांत सांगून बघा.

नववी ब ची आई:
विश्वामित्रीकाठ ताई, मी आजपासून मुलीशी पत्ते खेळणार. अभ्यास म्हणून! 😀

दर्यावर्दी निवृत्त:
मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली, आता बडोद्यालाच स्थायिक आहे. माझ्या वाट्याचे दोन.

'ऑल हँड्स ऑन डेक.' जहाजावर 'हँड' म्हणजे खलाशी. वादळ आलं, आग लागली, की पाळी कुणाची आहे ते न बघता सगळ्यांनी वर यायचं. मुलांना वाटतं की सगळ्यांनी फळीवर हात ठेवायचे. त्यांना सांगा की तिथे हात ठेवायला कुणाला सवड नसते.

'हँड ओव्हर फिस्ट.' शिडाच्या जहाजांच्या दिवसांतला. दोर चढताना किंवा ओढताना एका हाताने मूठ आवळायची, दुसरा हात तिच्या वरून पुढे टाकायचा, लगेच त्याची मूठ. असं भराभर. त्यातला सफाईदार वेग लोकांना आवडला आणि पुढे तो पैसा मिळवण्याला चिकटला. 'मेकिंग मनी हँड ओव्हर फिस्ट' म्हणजे दोन्ही हातांनी पैसा ओढणे. इथे मराठी जोडी फार छान बसते. मुलांना गच्चीवर दोर बांधून ओढायला द्या, तळवे लाल झाले की वाक्प्रचार विसरणार नाहीत.

मालवा मिल चौक:
दर्यावर्दी दादा, 'हँड म्हणजे माणूस' वाचून थांबलो. आमच्या आजोबांची पिढी इंदूरच्या कापडगिरण्यांत गेली. इंग्रजी कागदांत गिरणी कामगाराला 'मिल हँड' म्हणत. शेतावर 'फार्म हँड', कारखान्यात 'हायर्ड हँड'. अख्ख्या माणसातला फक्त हात मोजायचा. त्याचं डोकं, त्याचं घर, त्याची मुलं हिशेबात नाहीत. मला हा शब्द शिकवताना मुलांना हे सांगणं फार महत्त्वाचं वाटतं. अर्थ काय तो परीक्षेसाठी, पण शब्द कुणी कुणासाठी वापरला तेही कळू दे.

त्याच्या शेजारी 'हँड टू माउथ' ठेवा. हाताला लागेल ते थेट तोंडात जातं, मध्ये साठवायला काही उरत नाही. आपण म्हणतो 'हातावर पोट'. मला आपला वाक्प्रचार जास्त खरा वाटतो. हात थांबला की पोट थांबलं, ते दोन शब्दांत आलंय. इंदूरच्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली. त्या भागात जी मुलं वाढली त्यांना हा वाक्प्रचार कुणी समजावून सांगावा लागला नाही.

माळव्यातली माई:
मालवा मिल चौक, हे नक्की सांगेन. माझ्याकडे येणाऱ्यांत दोघांचे पणजोबा गिरणीत होते. घरी विचारून यायला सांगते.

महूकर:
घोड्यांकडे कुणी गेलं नाही म्हणून लिहितो. महूच्या छावणीजवळ लहानपण गेलं, घोडे खूप बघितले.

'हँड्स डाउन.' शर्यतीत जॉकी लगाम हातांत वर धरून घोड्याला शेवटपर्यंत रेटतो. पण बाकीचे घोडे फार मागे राहिले असतील तर त्याला रेटायची गरज उरत नाही. तो लगाम सैल सोडतो, हात खाली येतात आणि तसाच रेषा ओलांडतो. म्हणून 'वन हँड्स डाउन' म्हणजे विनासायास, आरामात जिंकला. हा १९ व्या शतकातला, शर्यतींच्या मैदानावरचा. मुलांना वाटतं हात खाली म्हणजे हार! आपल्याकडे 'हात टेकले' म्हणजे हारच ना.

दुसरं, घोड्याची उंची इंग्रज आजही 'हँड'मध्ये मोजतात. त्यांचा एक हँड म्हणजे ४ इंच, तळव्याची रुंदी. हे माप आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० साली कायद्याने पक्कं झालं. मोजतात ती जमिनीपासून मानेच्या बुडाशी खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. १४.२ असं लिहिलं तर ते दशांश नव्हे, १४ हँड आणि २ इंच. साधारण त्याच्या खाली असला तर पोनी म्हणतात.

आपला हात मात्र कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे १८ इंच. '१५ हँडचा घोडा' म्हणजे ५ फूट. कुणी आपल्या हाताने मोजला तर साडेबावीस फूट होईल!

सराफा रात्री बारा:
साडेबावीस फूट! मग तो राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरून डोकावेल की. 😀

शब्दवेल्हाळ:
पेठेतले, तुमच्या मताला मला अर्धं समर्थन आणि अर्धा विरोध आहे. कारण एका ठिकाणी मराठीनेच मूळ अर्थ जपून ठेवलाय आणि इंग्रजीने तो बदललाय.

मत्तयच्याच ६ व्या अध्यायात दानाबद्दल सांगितलंय, की तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नको. म्हणजे गाजावाजा न करता द्या. आपण म्हणतो 'या हाताचं त्या हाताला कळू नये', तेही दानाबद्दलच, कौतुकाने. पण आजच्या इंग्रजीत 'द लेफ्ट हँड डझन्ट नो व्हॉट द राइट हँड इज डूइंग' ही तक्रार आहे. एकाच कार्यालयातल्या दोन विभागांचा मेळ नाही. एका खात्याने रस्ता करायचा आणि महिन्याभरात दुसऱ्याने पाइपसाठी खणायचा, त्याला हे म्हणतात. मुलाने इथे मराठी जोडी जशीच्या तशी दिली तर अर्थ साफ उलटेल. पण दोन्ही शेजारी ठेवली तर एकच वचन दोन वाटांनी कसं गेलं ते दिसेल, आणि मग मात्र ते विसरणं शक्य नाही. जोडी काढून टाकली तर हा सगळा आनंदच जातो.

बायबलमधला आणखी एक, ज्यात हात लपलेला आहे: 'द रायटिंग ऑन द वॉल'. दानीएलच्या पुस्तकात राजा बेलशस्सर मेजवानी करत असतो आणि एका हाताची बोटं येऊन भिंतीच्या गिलाव्यावर अक्षरं लिहितात. राज्याचे दिवस भरले असा त्याचा अर्थ निघतो आणि त्याच रात्री राजा मारला जातो. म्हणून पुढचं संकट स्पष्ट दिसणे.

छत्रीबाग:
'लाइक द बॅक ऑफ माय हँड' राहिला. इंग्रज हाताच्या मागच्या बाजूकडे बघतो, आपण तळव्याकडे. संस्कृतात 'हस्तामलकवत्', तळहातावरच्या आवळ्याइतकं स्पष्ट. शंकराचार्यांच्या चार प्रमुख शिष्यांपैकी एकाचं नावच हस्तामलक. मुलांच्या हातावर खराच आवळा ठेवा, नंतर खाता येतो.

मुरारचे वकील:
'कॅप इन हँड' मुलांना नेहमी चुकतो, कारण रीत उलटी आहे. इंग्रजांकडे मोठ्या माणसासमोर टोपी काढून हातात धरायची, म्हणून 'कॅप इन हँड' म्हणजे लाचारीने, मदत मागायला उभं राहणं. आपल्याकडे शिंद्यांच्या काय किंवा होळकरांच्या काय, दरबारात बोडक्या डोक्याने जाणं हाच अपमान. पागोटं डोक्यावर हवं, जोडे बाहेर हवेत. पागोटं उतरलं ते फक्त कुणाच्या पायावर ठेवायला. तिथे अर्थ जुळतो, पण दृश्य सांगितल्याशिवाय कळत नाही.

विश्वामित्रीकाठ:
अवांतर: हात मागण्यावर कुणीच नाही? इंग्रजीत मुलीचा 'हँड' मागतात. आपलं तर लग्नच पाणिग्रहण. 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तं' हा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला मंत्र आजही लग्नात म्हणतात. आमच्याकडे गुजराती लग्नात मुहूर्त बघतात तो हस्तमेळापाचा. मराठी आई म्हणते 'दोनाचे चार हात झाले', हिंदी आई म्हणते 'हाथ पीले कर दिए'. या एका वाक्प्रचाराला समजावायची गरज कधी पडली नाही.

नववी ब ची आई:
एक खराखुरा प्रश्न. मुलीच्या पुस्तकात दोन वाक्यं आहेत. 'द क्राउड गॉट आउट ऑफ हँड' आणि 'ही रिजेक्टेड इट आउट ऑफ हँड'. पहिल्याला ती 'हाताबाहेर गेला' म्हणते, ते बरोबर. दुसऱ्यालाही तेच लिहिते. काय सांगू?

शब्दवेल्हाळ:
आई, 'आउट ऑफ हँड'चा जुना अर्थ 'ताबडतोब' असा होता. हातासरशी, म्हणा ना. तो दुसऱ्या वाक्यात टिकून राहिलाय. म्हणून त्याचा अर्थ विचार न करता, तिथल्या तिथे धुडकावून लावणे. ओळखायची खूण: सोबत 'रिजेक्ट', 'डिसमिस', 'रिफ्यूज' असं नाकारण्याचं क्रियापद असेल तर हा अर्थ. 'गेट' किंवा 'गो' असेल तर हाताबाहेर.

खजुरी बाजारचा गिऱ्हाईक:
'सेकंड हँड' मला खजुरी बाजाराने शिकवला. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत जुनी पुस्तकं तिथूनच यायची. पण माई, घड्याळ विसरू नका. 'अवर हँड', 'मिनिट हँड', 'सेकंड हँड'. आपल्या घड्याळात काटे टोचतात, त्यांच्या घड्याळात हात फिरतात. 'माय सेकंड हँड वॉच हॅज नो सेकंड हँड' हे वाक्य मुलांकडून मराठीत करून घ्या.

पेठेतला:
हे वाक्य मस्त आहे. माझ्या भाच्याला आत्ताच पाठवलं.

माळव्यातली माई:
मंडळी, आज मुलांना घेऊन बसले होते. काय केलं ते सांगते.

वही मिटायला लावली आणि खोलीचे कोपरे वाटून दिले. एक कोपरा जहाज, एक घोड्यांची शर्यत, एक पत्त्यांचा अड्डा, एक न्यायालय. मध्ये सतरंजीवर बायबलमधली राजदरबारं. वाक्प्रचार मी मोठ्याने म्हणायचा आणि मुलांनी ज्या कोपऱ्यातला वाटतो तिथे पळायचं. तिथे जाऊन तो हात काय करतोय ते करून दाखवायचं. मग इंग्रजी वाक्य. मराठी आणि हिंदी जोडी सगळ्यात शेवटी.

'हँड्स डाउन'ला दोघे पत्त्यांकडे पळाले, पानं खाली ठेवली असं त्यांना वाटलं. महूकरांची गोष्ट सांगितली. पुन्हा विचारल्यावर सगळे शर्यतीकडे. पिलात तर त्यांना इतका आवडला की पाण्याचा तांब्या आणून नाटकच केलं, सतरंजी भिजली.

जोडी शेवटी द्यायची आणि जिथे अर्थ उलटा होतो तिथे तसं सांगूनच द्यायची, हे मला जमलेलं दिसतंय. पेठेतले, पाच-सात वाक्यांचा तुमचा मार्गही मी सोडणार नाही. गृहपाठ म्हणून तोच दिलाय.

एका वाक्प्रचाराला मात्र कोपरा मिळाला नाही. 'हँड इन ग्लव्ह'. मुलं म्हणाली, इंदुरात हातमोजे घालतंय कोण?

महूकर:
मोटारसायकलवाले घालतात की, डिसेंबरात!

मुरारचे वकील:
ताई, हा मूळचा १७ व्या शतकातला, 'हँड अँड ग्लव्ह' असा. तेव्हा अर्थ चांगलाच होता, हात आणि मोजा यांच्यासारखे अगदी जवळचे मित्र. आता बहुतेक वेळा तो संगनमताच्या बातमीत भेटतो, 'द गार्ड वॉज हँड इन ग्लव्ह विथ द थीव्ह्ज'. मराठीत 'साटंलोटं'. न्यायालयाच्या कोपऱ्यात टाका, पण एक गोष्ट सांगून ठेवा: परीक्षेत कुणाचं कौतुक करताना लिहू नका. 'माय फादर वर्क्स हँड इन ग्लव्ह विथ हिज ऑफिसर' असं निबंधात लिहिलं तर वाचणाऱ्याला शंका येईल.

सराफा रात्री बारा:
आणि मग धुण्याचा सोडा घेऊन पथक यायचं! 😀

हातचा एक:
माई, बोटं आणि अंगठे राहिले. 'ऑल थम्स', 'फिंगर्स क्रॉस्ड', 'स्लिप थ्रू द फिंगर्स'. नवा धागा काढा.

माळव्यातली माई:
रविवारी काढते. विश्वामित्रीकाठ, गुजराती बोटं तुमच्याकडे.